तीनशे पस्तीस घोडे आणि एक मुहूर्त

अमेरिकेतल्या कुठल्या जुन्या मसल कारला किती हॉर्सपॉवर होती, हे मला तोंडपाठ आहे. डोंबिवलीत या ज्ञानाचा कोणालाही काडीचा उपयोग नाही. माझ्या मुलीला, मनवाला, मात्र त्याचा उपद्रव झाला, आणि तोही तिच्या लग्नाच्या दिवशी!

हॉल ठाण्याला होता. तिचं मागणं एकच, "बाबा, साधी टॅक्सी सांगा, पण वेळेवर पोचवा." मी ऐकतोय थोडाच! कोलशेतला एकाकडे लाल अमेरिकन गाडी लग्नांना मिळायची. बॉनेटवरचा बिल्ला बघूनच मी ओळखलं: व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडर, तीनशे पस्तीस हॉर्सपॉवर! (याच मॉडेलमध्ये सहा सिलिंडरचं मरतुकडं इंजिनही यायचं, बाहेरून फरक कळत नाही, हे मीच मालकाला अर्धा तास समजावलं. तो नुसता 'हो हो' म्हणत होता.)

बायको सकाळीच हॉलवर गेली. मी नवरीला घेऊन निघालो. शिळफाट्यापर्यंत सगळं ठीक. मुंब्रा बायपासचा चढ लागला आणि गाडी खोकायला लागली.

"बाबा, सिमेंटचा मिक्सर पुढे गेला आपल्या."

"अगं, व्ही-एटची ताकद जरा उशिराच येते."

ताकद आली नाही, गाडी भर रस्त्यात बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. आत चार सिलिंडर, तेही डिझेलचे!

"अरे, व्ही-एट कुठंय?"

"काका, ते शेटच्या वडलांनीच भंगारात घातलेलं. हे टेम्पोचं इंजिन टाकलंय. पेट्रोल कोणाला परवडतं?"

मनवा मुंडावळ्या सावरत खाली उतरली. "बाबा, गाडी ठरवताना बॉनेट उघडलं नव्हतंत?"

नव्हतं. सगळं येणाऱ्या माणसाने कशाला उघडायचं!

तेवढ्यात खुर्च्या लादलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरशेजारी एकच जागा. मनवा बसली. मी मागे लटकणार, तोच ट्रॅफिक हवालदार हजर. "गाडी कोणाची?"

आमचा ड्रायव्हर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काकांना सगळं माहितीये गाडीचं."

"मग ढकला! बाजूला लागेपर्यंत हलायचं नाही."

टेम्पो चढ चढून दिसेनासा झाला. (टेम्पोचं इंजिन टेम्पोत उत्तम चालतं!)

गाडी अर्धीमुर्धी बाजूला झाली तेव्हा बायकोचा फोन आला. "मुहूर्त टळतोय. कन्यादानाला माझे दादा-वहिनी उभे राहतायत."

"अगं, दहाच मिनिटं थांबा!"

"मनवाच म्हणाली, नका थांबू."

हे मला फार लागलं. राग तिचा नाही, माझाच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पोचलो तेव्हा दुसरी पंगत बसलेली. हात काळे, फेटा बायपासवरच राहिलेला. समोर मनवा नवऱ्याला घास भरवत होती. माझ्याकडे बघून तिने मान वळवली. पंगतीच्या टोकाला मुलाकडचे एक आजोबा होते. त्यांनी आपुलकीने सरकून जागा दिली आणि विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

बाप म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "मी गाडीबरोबर आलोय."