मंत्रिमहोदयांस, रस्टिकोहून

माजी सैनिकांच्या खात्याचा मंत्री म्हणजे आज आहे, उद्या नाही. पण बेटावरच्या रस्टिको बंदरातल्या क्लीटस डोइरनचा त्या खुर्चीवर भारी जीव. त्याच्या बापाच्या वेळी, पहिल्या महायुद्धानंतर, खात्याचं नाव वेगळं होतं. मग पेन्शन आणि आरोग्य एकाच मंत्र्याच्या गळ्यात बांधलं. चव्वेचाळीस साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, माजी सैनिकांना स्वतःचा मंत्री मिळाला. हा इतिहास म्हाताऱ्याला तोंडपाठ होता. घरच्यांशी मात्र स्वतः लढलेल्या लढाईबद्दल अवाक्षर नाही.

मंत्री बदलला की क्लीटस नव्याला पत्र टाकायचा. मंत्र्याला लिहायला तिकीटही लागत नसे. पत्र राजधानीला, ओटावाला जायचं आणि तिथून थैलीत बसून पुन्हा बेटावर, शार्लटटाउनच्या कचेरीत यायचं. तिथे मंत्र्याच्या नावाने उत्तरं लिहायची व्हर्ना. म्हणजे क्लीटसचीच मुलगी; त्याला मात्र याचा पत्ता नव्हता.

नात्यातलं पत्र दुसऱ्या टेबलावर द्यायचं, असा नियम होता. व्हर्नाने पहिलं पत्र उघडलं आणि नियम गुंडाळून ठेवला. बाप इटलीतल्या चिखलाबद्दल लिहीत होता, पडक्या घरांबद्दल, अल्बनबद्दल. अल्बन म्हणजे व्हर्नाचा मामा, तिकडेच मारला गेलेला. त्याचं नाव निघालं की बाबा उठून धक्क्यावर निघून जात. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आता सांगणारे बाबाच उरले होते. त्यांनी आपल्याला एकदा तरी समोर बसवून सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

दर रविवारी ती जेवायला जायची.

"आला का गं तुमचा नवा साहेब?"

"आला. तीन वर्षांतला तिसरा."

"म्हणजे मला पुन्हा मुळापासून सांगणं आलं! मागचा बरा होता, नीट वाचायचा."

"एवढं काय सांगता हो त्यांना? मलाही सांगा की."

"तू टायपिंग करतेस ना? ते कर. आणि तो कॉड मासा इकडे सरकव, थंड होतोय."

नव्या मंत्र्याला लिहिताना बाबा दर वेळी थोडं पुढे जात आणि एका पडक्या घराच्या दाराशी थांबत. शेवटी व्हर्नाला राहवलं नाही. मंत्र्याच्या नावाने तिने लिहिलं, "त्या घरात काय झालं ते आपण आपल्या मुलीला सांगावं, अशी माझी विनंती आहे."

उत्तर दहा दिवसांत आलं.

"साहेब, त्या घरात अल्बनला गोळी पोटात लागली. त्याने मला तीनदा हाक मारली. मी भिंतीआड होतो, पंधरा पावलांवर. मी गेलो नाही. घरी येऊन सांगितलं की तो जागच्या जागी गेला. त्याच्या बहिणीशी लग्न केलं. तेहतीस वर्षं संसार केला, ती तेच खरं मानून गेली. मुलीचे डोळे थेट त्याचे आहेत. ती तुमच्याच खात्यात आहे. दर रविवारी येते, माझ्याशी हसून बोलते. तेवढंच मला उरलंय. हा कागद तिच्या हाती पडू देऊ नका."

व्हर्ना कचेरीच्या मोरीत जाऊन खूप रडली. मामासाठी, आईसाठी, आणि सर्वात जास्त त्या भिंतीआडच्या माणसासाठी. मग तोंड धुऊन टेबलाशी आली आणि टाइप केलं, "आपला कागद आपल्या मुलीच्या हाती पडणार नाही, असा मी आपल्याला शब्द देतो."

पुढच्या रविवारी बाबा खुशीत होते. दोनदा मागून जेवले.

"नवा साहेब शब्दाचा पक्का दिसतो गं."

"हो बाबा," ती म्हणाली आणि हसली. आता तिला दर रविवारी हसणं भाग होतं.