लवूच्या बापाचा लेप

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार वाजलं, की आत लवूच्या कपाळाला आधी आठी पडायची आणि मग तो उठायचा. उठून करणार काय बिचारा? दारात कुणीतरी कण्हत, भिंतीला धरून उभं असायचं आणि लवूच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खांद्यावरून आत डोकावत विचारायचं, "वहिनी आहेत का?"

झालं! लवू बाजूला व्हायचा, मोरीपाशी जाऊन एखादं रिकामं पातेलं उचलायचा आणि दाणकन खाली ठेवायचा. एवढंच. बोलायचा काही नाही. म्हणजे तेव्हा नाही. एरवी लवूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारी रेडिओ बंद करून ठेवायचे. फोर्टातल्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून जन्म काढून तो रिटायर झालेला. ऑफिसात बोलायला माणसं होती, आता दिवसभर घरात बायको सुभद्रा होती आणि सुभद्राकडे येणारी ही लंगडी फौज होती.

ही फौज यायची लेपासाठी. मुरगळ, सूज, मुका मार, अवघडलेली मान. आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटी सहाणेवर उगाळायची, निर्गुडीचा पाला वाटून त्यात घालायचा, कोमट करायचं, दुखऱ्या जागी लावायचं आणि फडक्याने बांधायचं. यात काय मोठं ब्रह्मज्ञान आहे? लवूला विचाराल तर काहीच नाही. आणि त्याचा मुद्दाही बरोबर होता हो. लेप मुळात त्याच्या बापाचा!

लवूचा बाप कुशाबा महालक्ष्मीला रेसच्या घोड्यांचा मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, फिरवायचा, त्यांचे पाय बघायचा. हा लेप तो मालवणकडच्या आपल्या गावातून घेऊन आला. आधी घोड्यांना लावला, मग तबेल्याच्या आसपासच्या कुत्र्यांना, मग चाळीतल्या माणसांना. हाड मोडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, सरळ डॉक्टरकडे पिटाळायचा. पैसे घ्यायचा नाही. गुण आला तर माणूस एक नारळ आणून उंबऱ्यावर ठेवायचा, बस.

आणि एक नियम होता, तो मात्र कडक. पाला खुडल्यापासून पट्टी बांधून होईपर्यंत देणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. हूं की चूं नाही. बोललास की लेप वाया गेला, टाकून दे, नवा पाला आण.

आता लवूला हे कसं जमणार? लहानपणी बापाबरोबर पाला आणायला निघाला की वाटेतच त्याला दहा गोष्टी आठवायच्या. कुशाबा हातातला पाला तिथेच टाकून द्यायचा आणि वैतागून म्हणायचा, "लवू, तुझा तोंड गप ऱ्हवत नाय रे. जनावराक कळता सगळा."

कुशाबा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळला तेव्हा एका दुपारी लवू चहाचा कप घेऊन आत येत होता. दारातच थबकला. बापाने सुभद्राला जवळ बोलावलं होतं. उशाशी ठेवलेली सहाण त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि सुनेच्या ओटीत ठेवली. ती खाली वाकली तसा तिच्या कानात काहीतरी बोलला. पोटचा मुलगा दारात उभा, आणि औषध गेलं परक्या घरून आलेल्या पोरीकडे! चहावर साय धरली तरी लवू तिथेच उभा होता. ती गोष्ट त्याच्या घशात जी अडकली ती कायमची.

त्याने बापाच्या माघारी करून बघितलं नाही असं नाही. समोरच्या खोलीतल्या चिंतामणीचा गुडघा सुजला तेव्हा सुभद्रा माहीमला लग्नाला गेली होती. लवूने मोठ्या उत्साहाने लेप लावला आणि लावता लावता त्याला निवडणुकीपासून आपल्या ऑफिसातल्या जुन्या साहेबापर्यंत सगळं ऐकवलं. चिंतामणी दुसऱ्या दिवशी तसाच लंगडत आला. आला तो आला, वर विचारतो कसा, "वहिनी आल्या का रे?"

लवूचा तिळपापड झाला. तोच लेप, तीच सहाण. आंबेहळद आणायला फणसवाडीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात कोण जातं? लवू. फडकी धुऊन कोण वाळत घालतं? लवू. हमाली माझी आणि नाव हिचं! लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला गुण आहे. मग माझ्या हाताला काय किडे पडलेत?

माणसांचं एक वेळ सोडा, कुत्रीसुद्धा तसलीच. पलीकडच्या टॉवरमधली आकांक्षा आपल्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला घेऊन यायची. नाव टायसन. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, पण त्याच्या मागच्या पायाला सुभद्राचा लेप लागला की तो जरा बरा चालतो असं तिचं म्हणणं. लवू त्याच्यासाठी आठवणीने बिस्किटं आणून ठेवायचा. टायसन बिस्किटं खायचा, लवूवर गुरगुरायचा आणि मग सरळ जाऊन सुभद्राच्या मांडीवर डोकं टेकायचा. ती गप्प बसून पाय चोळत राहायची आणि ते एवढं मोठं धूड डोळे मिटून घोरायचं.

"सो स्वीट! आंटी, तुमच्या हातात जादू आहे," आकांक्षा म्हणायची.

आत पातेलं आपटायचं.

अशात एका सकाळी सुभद्रा फणसवाडीत बहिणीकडे गेली आणि मोबाईल चार्जिंगला लावलेला घरीच विसरली. तो वाजला. लवूने उचलला. पलीकडे परळचा राजेश होता, वरातीच्या घोड्या भाड्याने देणारा. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"काका, वहिनींना द्या ना फोन. आमची चांदणी पुढचा पाय टेकत नाही. डॉक्टर बघून गेले, हाड शाबूत आहे, मुरगळून सुजलाय म्हणाले, आराम द्या. लेप चालेल का विचारलं, हो म्हणाले. वहिनी येतील का?"

घोडी! घोडे म्हणजे त्याच्या बापाचं राज्य. तिथे सुभद्राचं काय काम? तिने आयुष्यात घोड्याची शेपटी तरी धरली होती का?

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. येतात नाही, येतो. राजेशच्या लक्षातही आलं नसेल.

सहाण, पुड्या, फडकी पिशवीत भरून लवू टॅक्सीने अँटॉप हिलला गेला. तिथल्या सरकारी वसाहतीच्या कुंपणाला निर्गुडी होती, सुभद्रा तिथूनच पाला आणायची. पाला खुडण्याआधी त्याने मोठा श्वास घेतला, जे काय बोलायचं ते स्वतःशी बोलून घेतलं आणि ओठ मिटले. आज दाखवतोच म्हणाला मनात.

आणि काय सांगू तुम्हाला, खरंच गप्प राहिला गडी! परतीच्या टॅक्सीवाल्याला हाताने रस्ता दाखवला. त्या भल्या माणसाला वाटलं हा मुका आहे, त्याने लवूला उतरताना आधार दिला. परळ नाक्याला चिंतामणी भेटला, "कुठे रे सक्काळी सक्काळी?" म्हणाला. लवूच्या जिभेच्या टोकावर एवढं काही आलं होतं की डोळ्यांत पाणी आलं, पण तो नुसती मान हलवून पुढे सटकला. चिंतामणी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

बंद मिलच्या भिंतीला लागून राजेशचा तबेला होता. लवूने एक शब्द न काढता बैठक मारली, उगाळलं, वाटलं, तिथल्याच स्टोव्हवर कोमट केलं. चांदणीने कान टवकारून त्याच्याकडे बघितलं. तो तिच्या पायाशी वाकला, बाप वाकायचा तसा, आणि सुजेवर अलगद हात ठेवला. घोडीने पाय काढून घेतला नाही. बघ बाबा, म्हणाला मनातल्या मनात, बघ.

तेवढ्यात राजेश मागून म्हणाला, "काका, वहिनी मागून येतायत का?"

लवूने मानेनेच नाही म्हटलं.

"मग जरा थांबू या का? उगाच दुखवायला नको तिला. वहिनींना येऊ दे. त्यांच्या हाताचं वेगळंच..."

लवूची तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "वहिनी, वहिनी, वहिनी! अरे बाप कुणाचा होता तो? माझा! लेप माझ्या बापाचा, घोडे माझ्या बापाचे, आणि जो उठतो तो..." आणि बोलता बोलता दुखऱ्या पायावरची त्याची मूठ आवळली.

चांदणी खिंकाळून उसळली. तिच्या खांद्याचा धक्का बसून लवू मागे फेकला गेला, बादलीत पाय अडकून आपटला आणि घोटा असा काही पिरगळला, की पुढचे शब्द तोंडातच राहिले. वाटलेला लेप शेणात सांडला.

राजेशने त्याला आधी दवाखान्यात नेऊन पायाचा एक्स-रे काढून घेतला. हाड मोडलं नव्हतं. मग पाठुंगळीला घेऊन चाळीचे जिने चढवले. दारात सुभद्रा उभी. राजेशने खाली मान घालून सगळं सांगितलं, लवूने मधे एकदाही तोंड घातलं नाही. सुभद्राने ऐकून घेतलं. नवऱ्याच्या पायाकडे बघितलं, सहाणेची पिशवी राजेशच्या हातातून घेऊन कोपऱ्यात ठेवली, चपला घातल्या आणि गेली.

परत आली ती पाला घेऊन. म्हणजे आता ती बोलणार नव्हती.

"अगो, मला वाटलं तू घरी नाहीस, त्याचा खोळंबा कशाला," लवूने सुरुवात केली. सहाणेवर आंबेहळद फिरत राहिली. "आणि जमलं होतं मला, विचार राजेशला! त्यानेच मधे..." हळद फिरत राहिली. "बरं, चुकलं माझं. शिव्या तरी घाल!" सुभद्राने मान वर केली नाही. रागावली आहे, हसते आहे, की रडते आहे, काही म्हणता काही कळेना. इतकी वर्षं त्याने बडबडून तिचं गप्प राहणं भरून काढलं होतं. आज तो एकेक शब्द टाकत होता आणि तिकडून काहीच परत येत नव्हतं. शेवटी त्याच्याकडचे शब्द संपले.

तिने कोमट लेप घोट्यावर ठेवला. लवूला फक्त आपला ठणकणारा पाय आणि तिची बोटं कळत होती. बोटं ठणक्यापाशी यायची, थांबायची, तो श्वास सोडेपर्यंत वाट बघायची आणि मग पुढे सरकायची. इतक्या लोकांना तिने हे दिलं होतं. मला आजवर का नाही, असा हेवा त्याला पुन्हा एकदा कडकडून वाटला.

पट्टी बांधून झाली. गाठ मारून सुभद्राने हात धुतले आणि समोर बसली.

"मामंजींनी मला औषध नव्हतं दिलं," ती म्हणाली. "ठेवायला दिलं होतं. म्हणाले, 'ह्या तुझा नाय, लवूचा. तो गप ऱ्हवूक शिकलो की दी तेका.' तेव्हापासून वाट बघत्येय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तुम्ही मधे जागा कधी ठेवलीत?"

लवू भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडला.

पुढचे काही दिवस पाय वर ठेवून बसणं आलं. सुभद्राने सहाण त्याच्यापुढे ठेवली आणि पाला आणून देऊ लागली. चांदणीला लेप लावून आली ती तीच, पण उगाळलेला लवूने. एका सकाळी तो असाच उगाळत बसला असताना दार वाजलं. टायसनला घेऊन आकांक्षा उभी.

"आंटी आहेत का?"

लवूच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि सरकून जागा करून दिली. टायसनने आत बघितलं, मग लवूकडे बघून गुरगुरला. लवू उगाळत राहिला. गुरगुर हळूहळू बारीक झाली. लवूने लेपाचा हात त्याच्या मागच्या पायावर ठेवला. कुत्रा जरा थरथरला, मग खाली बसला आणि थोड्या वेळाने त्याने आपलं जड डोकं लवूच्या मांडीवर टाकलं.

"सो स्वीट!" आकांक्षा हळूच म्हणाली. "अंकल, तुमच्या हातात पण जादू आहे की!"

आत मोरीपाशी पातेलं दाणकन आपटलं.

लवूचा हात थांबला. तो आवाज ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती. बोलण्यासारखं तर खूप होतं, पण पट्टी बांधायची अजून बाकी होती.