अस्करच्या लाईट कमिटीचा खिजर

चौऱ्याण्णव साली अख्ख्या बहरीनमध्ये कुणी विचारलं असतं, की उन्हावर पंखे फिरवणारी माणसं कुठे राहतात, तर त्याला अस्करलाच यावं लागलं असतं. आणि अस्करला आल्यावर सगळ्यांनी आमच्या घरच्या खिजरकडे बोट दाखवलं असतं. रत्नागिरीच्या खाडीकाठचं पोरगं, शाळा आठवीपर्यंत, पण याने हातात वायर घेतली की इंजिनियर लोक बाजूला उभे राहून बघायचे. खोटं नाही सांगत.

अॅल्युमिनियमच्या कारखान्यापासून थोडं लांब, एका अरबाच्या जुन्या बागेत पत्र्याच्या आठ खोल्या होत्या. माणसं बावीस, सगळी कोकणातली. लाईटची सरकारी लाईन तिथवर आली नव्हती. बागेच्या मालकाचा जनरेटर त्याच्या मर्जीने चालू व्हायचा आणि त्याच्या मर्जीने खलास. उन्हाळ्यात माणसं ओले टॉवेल अंगावर घेऊन पडायची. शेवटी बावीस जणांनी वर्गणी काढून तो जनरेटरच विकत घेतला आणि लाईट कमिटी काढली. वर्गणी सगळ्यांची सारखी, मतही प्रत्येकाला एकच. फोरमन असला काय आणि भांडी घासणारा असला काय, लाईटचे मालक सगळे. काही ठरवायचं असेल तर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर बैठक बसायची. काहींना लिहिता येत नव्हतं, म्हणून मत टाकायचं ते दुधाच्या पावडरीच्या डब्यात. हो असेल तर खजुराची बी, नाही असेल तर खडा.

खिजर बंदराच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होता. समुद्रात जहाजांना वाट दाखवायला जे तरंगते दिवे असतात, ते उन्हावर चालतात. त्या दिव्यांचे जुने पॅनल कंपनीने भंगारात काढले. खिजरने त्यातले बारा चांगले निवडले आणि कमिटीत उभा राहून म्हणाला, "डिझेल जाळून कान किटवून घेण्यापेक्षा डोक्यावरचं ऊन वापरू या." डब्यात बियाच बिया पडल्या. महिनाभरात छपरावर पॅनल, खाली बॅटऱ्या, खोल्याखोल्यांतून ट्यूबलाईट आणि ट्रकमधले छोटे पंखे. जनरेटर गोणपाटाखाली गेला. खिजर एक पॅनल आणि एक पंखा पिशवीत घालून हिद्द गावच्या बोटवाल्यांनाही दाखवून आला. तेसुद्धा कमिटी काढायचं म्हणत होते.

पॅनल धुवायचं काम त्याने कुणाला दिलं नाही. इथली धूळ पिठासारखी, दोन दिवसांत काच झाकून टाकते. दर शुक्रवारी सकाळी तो गोड्या पाण्याचे दोन कॅन खांद्यावरून वर न्यायचा आणि एकेक काच पोराचं तोंड पुसावं तशी पुसायचा. बागेतल्या नळाला पाणी खारट, प्यायचं गोडं पाणी विकत. तरी त्याने पॅनलला कधी नळाचं पाणी लावलं नाही.

जूनमध्ये कंपनीच्या ऑफिसात खिजरला फोन आला. आई गेली. माती त्याच दिवशी झाली होती. मोठ्या भावाने सगळं केलं, कशात काही कमी पडू दिलं नाही. साहेब म्हणाला, आता काम जोरात आहे, लीव्ह ऑगस्टमध्ये बघू. खिजर म्हणाला, "ठीक आहे." फोन ठेवला आणि जाऊन अर्धवट राहिलेली मोटर जोडली.

खोलीवर लोक भेटायला आले. खिजर सगळ्यांशी बोलला, सगळ्यांना चहा विचारला. डोळ्यांतून टिपूस नाही. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी, जेवण, झोप, सगळं वेळेवर. फक्त जेवताना मध्येच थांबायचा. बाजूचा म्हणायचा, "खिजरभाय, भात," की परत सुरू.

महिनाभराने लाईटची रड सुरू झाली. ट्यूब पहिल्यांदा रात्री दहाला मंद व्हायला लागल्या, मग नऊला. मग आठलाच पंखे मान टाकायला लागले. जुलैचा महिना, हवा अशी दमट की अंगातला शर्ट पिळून घ्यावा.

नजीब म्हणून एक वेल्डर होता. जीभ त्याच्या वेल्डिंगपेक्षा गरम. तो ओट्यावरून ओरडायचा, "काय रे खिजरभाय, तुझा सूर्य लीव्हवर गेला काय? त्याला तरी बरी मिळाली!"

लोक हसायचे. खिजर हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. बॅटऱ्यांचं पाणी बघायचा, वायरी बघायचा, सगळं ठीक असायचं. मग झोपायला जायचा.

नजीबने बैठक लावली. येत्या शुक्रवारी ठरायचं होतं: पॅनल भंगारवाल्याला द्यायचे आणि जनरेटर परत काढायचा. बोटवाल्यांच्या कानावरही गेलं. त्यांनी कमिटी काढायचा बेत सोडून दिला. कमिटीचा प्रमुख गनी चाचा, साठीचा माणूस, खिजरच्या बापाचा दोस्त. तो बुधवारी मुद्दाम येऊन बसला.

"बोल काहीतरी. तुझं नाव चाललंय त्या पत्र्यांबरोबर."

"जाऊ दे चाचा."

"जाऊ दे काय? तूच आणलंस ना ते?"

खिजरने चाचाला चहा विचारला.

गुरुवारी ड्युटीवरून आल्यावर तो छपरावर चढला. ऊन उतरत होतं. पॅनल पांढुरके दिसले. धूळ असेल म्हणून बोट फिरवलं, बोट कोरडंच. नख लावलं तर खपलीसारखं निघालं. त्याने ते जिभेवर ठेवलं. मीठ.

तिथेच खाली बसला. कोपऱ्यात रबरी पाईप पडला होता, नळापासून वर ओढलेला. कधी ओढला? त्याला आठवेना. मग हळूहळू आठवलं. फोन आला त्यानंतरच्या शुक्रवारी कॅन उचलायचं सुचलंच नाही, पाईप दिसला, तोच घेतला. पुढचा शुक्रवार, त्याच्या पुढचा, तसंच. सात शुक्रवार त्याने स्वतःच्या हाताने पॅनलवर मीठ चढवलं होतं. कुणाला कळलं नव्हतं. गप्प राहिला असता तर दोष उन्हावर गेला असता, भंगारावर गेला असता.

पण आमच्या घरात असली सवय नाही.

शुक्रवारी बावीस माणसं अंगणात बसली. मधे डबा. नजीब बोलला, दोघं-तिघं त्याच्या मागून बोलले. मग खिजर उभा राहिला.

"पॅनल चांगले आहेत. मी सात आठवडे खाऱ्या पाण्याने धुतले. काचेवर मीठ बसलंय. चूक उन्हाची नाय, माझी आहे."

नजीब उठून उभा राहिला.

"मस्करी करतोस?" नजीब म्हणाला. "तू? आम्ही हात धुवायला वर नळाचा पाणी नेला तर शिव्या घालायचास!"

"होय. मीच."

"आणि कळला नाय तुला?"

"नाय कळलं."

नजीबने गनी चाचाकडे बघितलं. चाचा जमिनीकडे बघत होता. फोन कधी आला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आठवडे मोजायची कुणाला गरज पडली नाही.

"धुऊन बघू, मग मत टाकू," कुणीतरी म्हणालं.

"कायदा कायदा आहे," चाचा म्हणाला. "बैठक आज लागली, मत आज पडणार. काच साफ नाय झाली अजून. भरवसा ठेवायचा तर माणसावर ठेवा. पॅनल ठेवायचे तर बी, काढायचे तर खडा. यल्ला, चला, टाका."

एकेक जण उठला, मूठ डब्यात घालून आला. खिजरनेही टाकलं. चाचाने डबा सतरंजीवर उलटा केला. खडे सहा निघाले, बाकी सगळ्या बिया. लगेच दुसरा ठराव झाला: पॅनल धुवायचं काम खिजरकडून काढून घ्यायचं. आजपासून सगळ्यांनी पाळीने धुवायचं, आपापल्या प्यायच्या पाण्यातून.

आजची पाळी कुणाची, ते ठरायच्या आधीच नजीब आपला कॅन घेऊन शिडी चढला. "मी खडा टाकलेला, लक्षात ठेवा," वरून ओरडला. "पण कमिटी म्हणजे कमिटी. फडका द्या कुणीतरी, की बनियनने पुसू?"

दुपारभर खरवडणं चाललं. प्रत्येक खोलीतलं गोडं पाणी वर गेलं. खिजरला कुणी शिडीला हात लावू दिला नाही. तो खाली सावलीत बसून राहिला.

दोन दिवसांनी रविवारी रात्रीचे दहा वाजले, साडेदहा वाजले, ट्यूब पांढऱ्याशुभ्र आणि पंखे गरगर. हिद्दचे दोन बोटवाले मुद्दाम बघायला आले होते. माणसं ओट्यावर बसून उगाचच बत्त्यांकडे बघत होती. पाणीवाला अजून आला नव्हता, म्हणून चाचाने नळाच्याच पाण्याचा चहा केला. पहिला घोट घेतल्याबरोबर सगळ्यांनी थुंकला.

"या खिजऱ्याच्या पॅनलनी आमचा चहा प्यायला!" नजीब ओरडला. हसून हसून माणसं लोळली.

खिजरने तोच खारट चहा ग्लासभर संपवला होता. तळाची पत्तीसुद्धा राहिली नव्हती.

चाचा त्याच्याजवळ सरकून बसला. "कसा लागला रे चहा?"

"ठीक आहे," खिजर म्हणाला.

चाचाने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि पालथा ठेवला. वर पंखा फिरत होता.