सव्वासहांची हजेरी

आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. सगळे म्हणायचे सव्वासहा, कारण सकाळी सव्वासहाला नळाला पाणी यायचं आणि ते पाणी हे सोडायचे. पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक झाकण, त्याखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि बावीस आटे फिरवायचे. विसाव्या आट्याला खालचे मजले खूश, बाविसाव्याला वरचे. कधी धार बारीक आली की वरच्या मजल्यावरच्या माझ्या जाऊबाई खिडकीतून ओरडायच्या, "अहो सव्वासहा, एक आटा खिशात घालून चाललात की काय?"

"घरी नेऊन काय करू वहिनी? आमच्याकडे नळच नाही," असं म्हणत ते राहिलेला आटा देऊन टाकायचे. हेही खरंच होतं. खात्यानं दिलेल्या त्यांच्या खोलीत नळ नव्हता, बाहेर सामाईक होता.

त्यांची बायको त्यांच्याआधी उठून चहा ठेवायची म्हणून तिचं नाव पावणेसहा. घरी बसून कपड्यांना चेन आणि बटणं लावून द्यायची. सत्तावीस वर्षं हे दोन आकडे एका खोलीत सुखानं नांदले.

मग साथ आली. सगळं बंद झालं. पाणी तेवढं बंद झालं नाही, उलट दर तासाला हात धुवा म्हणून ते जास्तच लागायला लागलं. हात कसे धुवावेत हे दाखवणाऱ्या साहेबांचे फोटो चौकाचौकात लागले. पाणी सोडणारा फोटोत बसत नव्हता, तो खड्ड्यात वाकलेला असायचा. त्या उन्हाळ्यात सव्वासहा नऊ दिवस दवाखान्यात राहिले आणि गेले. आमच्या नळाला त्या आठवड्यात पाणी कधीही यायचं. तेव्हा आम्हाला कळलं की ते आपोआप येत नसतं.

पुढं पालिकेनं जाहीर केलं की साथीत काम करताना गेलेल्यांच्या कुटुंबाला मदत मिळेल आणि खोलीही राहील. जे पात्र ठरणार नाहीत त्यांनी महिनाअखेर खोली रिकामी करायची. पावणेसहा माझ्याकडे अर्ज घेऊन आली. "ताई, तुम्ही कॉलेज केलेलं आहे. ह्यातलं काय भरायचं आणि काय सोडायचं, तेवढं सांगा."

अर्ज भरला. पालिकेत गेलो. काचेच्या खिडकीमागे एक कारकून बसले होते. अर्ज त्यांनी पुढून वाचला, मागून वाचला, उजेडात धरून पाहिला.

"दवाखान्यात जाण्याआधीच्या चौदा दिवसांतली हजेरी जोडलेली नाही."

"अंगठ्याचं मशीन बंद होतं, साहेब," पावणेसहा म्हणाली. "अंगठ्यानं रोग पसरेल म्हणून तुमच्याच ऑफिसनं बंद केलं होतं."

"मग मस्टरवर सही असेल."

"मस्टर कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं."

"मग हजर होते हे कशावरून?"

"पाणी येत होतं की!" मी मध्येच म्हणाले.

कारकुनांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "बाई, पाणी येणं हा पुरावा नाही. पाणी कुणीही सोडू शकतं."

"मग तुमची हजेरी कशी लागली?"

"आम्ही घरून रोज मीटिंगला असायचो. स्क्रीनवर नोंद आहे." हे सांगताना ते जरा ताठ बसले. बरोबरच होतं. त्यांनी कॅमेऱ्याला तोंड दाखवलं होतं, सव्वासहांनी खड्ड्याला. "शिवाय दुसरी अट बघा. नागरिकांशी थेट संपर्क हवा. यांचा संपर्क व्हॉल्व्हशी. व्हॉल्व्हपासून लागण होत नाही."

एवढं शास्त्र ऐकून आम्ही जिना उतरलो.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. त्यावर मी दूध, गॅस आणि पाणी यांच्या नोंदी ठेवते. त्या महिन्याच्या पानावर, ते दवाखान्यात जाईपर्यंत, रोज ६.१५, ६.१५ लिहिलेलं. एका मंगळवारी मात्र ६.५० आणि पुढं माझ्याच अक्षरात: तक्रार केली.

ते पान मी दोन दिवस फडताळात ठेवून दिलं. खरं सांगायचं तर तो मंगळवार मला पानाशिवायही आठवत होता. पाणी येईना म्हणून मी खाली गेले होते. सव्वासहा झाकणावर बसले होते, चावी आडवी टाकून. मी तरातरा जवळ जायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "वहिनी, पुढं येऊ नका. जे बोलायचं ते तिथनंच बोला." मला राग आला. वर येऊन पालिकेच्या तक्रार कक्षाला फोन लावला आणि सांगितलं, कामाच्या वेळेत बसून राहतात, वर उलट बोलतात.

तिसऱ्या दिवशी पान घेऊन मी तिच्या खोलीवर गेले. बटणांचे डबे बाजूला सारून तिनं मला बसायला जागा केली. मी पान पुढं केलं आणि म्हटलं, "ही तक्रार मी केली होती."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ते घरी येऊन म्हणाले, चौथ्या दारच्या वहिनी खूप चिडल्या. त्यांचं चूक नाही, पस्तीस मिनिटं म्हणजे काही थोडी नव्हेत." मग ती उठली. कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून तिनं घडी घातलेला कागद काढला. "यानंतर हे आलं. ऑफिसात दाखवलं नाही मी. शेवटचा कागद, आणि त्यात असलं लिहिलेलं. वाटलं, हे बघून तर नक्कीच नाही म्हणतील."

पालिकेची कारणे दाखवा नोटीस होती. तारीख, जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. 'आपण मंगळवारी कर्तव्यावर असताना पाणी पस्तीस मिनिटे विलंबाने सोडले, झाकणावर बसून राहिलात आणि नागरिकांशी समोरासमोर वाद घातला.'

मी ते दोनदा वाचलं. मंगळवारनंतर सहाव्या दिवशी ते दवाखान्यात गेले होते. कर्तव्यावर होते. नागरिकांसमोर होते. सत्तावीस वर्षांत खात्यानं त्यांची एवढी बारकाईनं दखल पहिल्यांदाच घेतली होती.

"अगं, हीच तर हजेरी आहे!" मी म्हटलं.

कारकुनांना कागद दिला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. स्वतःच्याच साहेबांची सही खोटी म्हणता येईना. बराच वेळ त्यांनी कागद उलटसुलट केला आणि शेवटी त्यांना वाट सापडली. "याचा खुलासा आलेला नाही. खुलासा आल्याशिवाय प्रकरण पुढं सरकत नाही."

"ज्यांनी खुलासा द्यायचा ते गेले, साहेब. त्याचाच तर अर्ज आहे हा."

"मग वारसानं द्यावा."

पावणेसहानं तिथंच बाकावर बसून खुलासा लिहिला. मी सांगते म्हटलं तर नको म्हणाली. दोनच ओळी होत्या. 'त्यांना ताप होता. वहिनींना लागू नये म्हणून लांब उभं राहायला सांगितलं.'

मी ते वाचून खिडकीतून आत दिलं.

महिना संपायला चार दिवस असताना पालिकेचं पाकीट आलं. त्यात दोन पत्रं होती. पहिल्यात लिहिलं होतं, पात्र. खोली राहिली. दुसरं पत्र सव्वासहांच्या नावानं होतं: 'खुलासा मान्य करून आपणास समज देण्यात येत आहे. यापुढे असा विलंब होणार नाही याची दक्षता घ्यावी.'

पावणेसहानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग नीट घडी घालून म्हणाली, "घेतील हो. आधीही एकदाच झाला होता."

आणि ते पत्र तिनं फळीवर ठेवलं. या वेळी वर्तमानपत्राच्या खाली नाही, वर.