खुणेची चिठ्ठी

अक्काचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "अण्णा गेला गं... सकाळी चहा ठेवला, उठलाच नाही." एवढंच बोलली. माझे सख्खे मामा, पण जयनगरात सगळेच त्यांना अण्णा म्हणत, मग मीही तेच म्हणायला लागले. अक्का त्यांची थोरली बहीण. दोघंच राहायची.

आमचं नातं खरं तर खुनांवर उभं होतं. एक शनिवार सोडून एक शनिवार मी जयनगरला जायचे, दोन रहस्यकथा परत करायचे आणि दोन घेऊन यायचे. अण्णा आधी वाचत. खुनी कळला असं वाटलं की त्याच पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नाव लिहीत, आणि पुस्तक संपलं की पुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. मी चिडायचे, "अहो अण्णा, माझी मजा घालवता!" त्यावर ते म्हणत, "स्वल्प डोकं चालव गं. माझंच बरोबर कशावरून?"

मतं एकदम जहाल. शेवटच्या पानावर जुळा भाऊ आणणाऱ्या लेखकाला भर उन्हात आनेकलच्या बसमध्ये उभ्याने पाठवावं, म्हणायचे. पुस्तकातले सगळे डिटेक्टिव्ह दारुडे आणि बायकोने सोडलेले कसे, हा त्यांचा कायमचा सवाल. आणि राग कशाचा, तर मेलेल्याची कुणी आठवणच काढत नाही याचा. "तिसऱ्या पानावर बिचारा मरतो, पुढे नुसता पुरावा!" पण सगळ्यात कडक नियम एकच. पुरावा वाचकासमोर उघडा ठेवलाच पाहिजे. लपवला तर लेखक लबाड. ठेवूनही दिसला नाही, तर वाचक बावळट.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी दिलेल्या एका जाडजूड कादंबरीत खुणेला एक कागद होता, चार घड्या घातलेला. मी तोच वापरला. दोन आठवडे तो माझ्या बोटांत होता, त्यावर कपही ठेवला. परत देताना अण्णांनी तो काढला, गुडघ्यावर ठेवून सरळ केला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी आपली शेवट कसा फसलाय ते तावातावाने सांगत होते. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला. "चहा घेणार?"

त्यानंतर ते वाळत गेले. मी विचारलं की म्हणायचे, दात नाहीत, खाणार काय? पेन्सिलीतली नावं येत, पण पुढे ना खूण ना फुली. मला वाटलं, आळस. अशी मी हुशार!

तेराव्यानंतर अक्काने त्यांच्या उशाचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "अय्यो, तुझ्यासाठीच ठेवलेलं असणार." आत तोच कागद. माझ्या कपाचा गोल डाग अजून होता. घडी उलगडली. हॉस्पिटलची चिठ्ठी होती. पोटाचा स्कॅन, पावसाळ्यातली तारीख, आणि खाली डॉक्टरने लिहिलेलं: पुढच्या वेळी घरचं कुणीतरी सोबत आणणे.

अक्काला काहीच ठाऊक नव्हतं. एकटेच रिक्षाने जात असणार. चिठ्ठी त्यांनी तेव्हा मुद्दाम ठेवली होती, की नकळत राहिली... कुणाला विचारू? मुद्दाम असेल तर त्यांनी आपला नियम पाळला, आणि मी दोन आठवडे नापास होत राहिले. चिठ्ठीवरचे डॉक्टर म्हणतात, तेव्हाही उशीरच झाला होता. असेल. पण हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी तरी बसले असते ना मी!

ते पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. एकसष्टाव्या पानावर थरथरत्या अक्षरात एक नाव आहे, पुढे जागा कोरी. ते बरोबर की चूक, मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. चिठ्ठी मात्र रोज उघडते, वरपासून खालपर्यंत वाचते आणि पुन्हा चार घड्या घालते. आता एक अक्षरही सुटत नाही.