सीलबंद पंप

गोदावरीच्या बाजूला एका वस्तीवर कडूबाई राहतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्याच हंड्याला, त्यांच्या वस्तीचं पाणी तुटलं. बंद पडलेला पंप परदेशी मदतीतून आलेला. त्याच पंपाच्या नळाचा धो धो वाहता फोटो आम्ही दिवाळीत आमच्या संस्थेच्या पत्रकावर छापला, वर ‘मदत अशी असावी’ असं ठोकून. मजकूर माझा होता. मग कडूबाईंचा फोन आला. “पोरी, तुमच्या कागदावरचा नळ माझाय. पाणी कुठंय त्याच्यात?”

दुसऱ्याच दिवशी हर्सूलहून निघाले. गंगापूरच्या एसटीत जागा मिळाली ती इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर. लष्कराची छावणी मागे पडली, कारखाने गेले, मग कापूस, मग ऊस. बघत होते, पण दिसत काही नव्हतं.

गंगापुरातून पुढे जीप. शेजारी मांडीवर हत्यारांची पिशवी घेतलेले इस्माईलभाई, तालुक्यातले पंप मिस्त्री. वस्तीचं नाव घेताच हसले.

“बेअरिंग गया है उसका. दस मिनट का काम.”

“मग केलं का नाही?”

“सील है ना, बहन. गेलतो मी. कागदावर लिहिलंय, त्यांच्या देशातल्या कंपनीचाच माणूस खोलणार. मी पाना लावला तर पुढची मदत बंद. अंगणवाडीची खोली यायचीय त्यांची.”

कंपनीचा माणूस अजून आलेला नाही.

फाट्यावर उतरून चालत गेले. आधी फलक दिसला, दोन झेंड्यांचा, धुऊन पुसून लख्ख. मागे टाकी. आणि टाकीच्या शिडीवर बायांची रांग, डोक्यावर हंडे, वर चढून टाकीत पाणी ओतणारी. मला काही कळेना. टाकीतून पाणी काढतात, ओततात कशाला?

“आज फोटोचा दिवस हाय,” खालून हंडा वर देत कडूबाई म्हणाल्या. त्या पाणी समितीच्या अध्यक्ष. दर महिन्याला मदत देणाऱ्यांना वाहत्या नळाचा फोटो पाठवायचा, ही दुसरी अट. नळ कोरडा दिसला तर खोली अडकेल, या धास्तीनं बाया लांबच्या विहिरीवरून पाणी आणतात, टाकीत ओततात, नळ सोडतात, फोटो काढतात.

“अहो, म्हणून तर त्यांना वाटतं पंप चालू आहे. मग माणूस कशाला पाठवतील?”

“व्हय. अन् तुलाबी वाटलंच की.”



कडूबाईंकडे जेवायला भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची). जेवून सवयीनं तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं.

“टाकलंस?” कडूबाई म्हणाल्या. “आता ते आणायला तूच जा.” हसल्या सगळ्या, पण कळशी माझ्या हातात दिलीच. विहिरीहून परतेस्तोवर खांदा भरून आला. म्हणजे हे सगळं त्या एका फोटोसाठी.

शिडीपाशी मी कळशी ठेवली. “आज कोरड्या नळाचा फोटो पाठवा. आणि सील तोडा.”

“तुला काय जातं बोलायला? लेकरं लिंबाखाली बसत्यात आमची. खोली गेली तर नाव माझंच निघंल, एकटीचं. चार माणसं संगं उभी ऱ्हायली, कागदावर सही केली, तर मी तोडीन. एकटी नाय.”

“माणसं मी आणते,” मी म्हणाले.

कळशी कोणी टाकीत ओतली नाही; आधी ओतलेलं पाणीही बायांनी नळातून आपापल्या हंड्यांत परत भरून घेतलं. कडूबाईंनी मोबाइल काढला, कोरड्या नळाचा फोटो घेतला आणि पाठवला.

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, तरी बसवेना. मदत देणारे पंप देतात आणि पाना स्वतःच्या खिशात ठेवतात. हे मी पत्रकात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण फोटो छान होता.

ते पत्रक तुमच्या घरी आहे, मीच वाटलंय. येत्या रविवारी ते घेऊन गंगापूरला या, तिथून जीपनं वस्तीवर जाऊ. इस्माईलभाई पाना घेऊन येणार आहेत. फोटोखाली स्वतःच्या हातानं लिहा, ‘हे पाणी बायांनी वाहून आणलेलं आहे’, खाली सही करा, आणि कडूबाई सील तोडतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहा.