नुसतं दीडशे

निम्मा कंटेनर भरला होता तेव्हा मी लोडिंग थांबवायला सांगितलं.

सिल्वासातल्या एका यार्न फॅक्टरीत मी क्यूसी लॅब सांभाळते. माल पोर्तुगालला निघाला होता. टेस्ट सर्टिफिकेट बनवायचं म्हणून बायरची ऑर्डर मी पहिल्यांदाच स्वतः उघडली. तिथे होतं दीडशे डेसिटेक्स. आम्ही काढला होता दीडशे डेनियर.

दोन्ही धाग्याच्या जाडीची मापं. नऊ हजार मीटर धागा जितके ग्रॅम भरतो, तितके डेनियर. दहा हजार मीटरचं वजन घेतलं की डेसिटेक्स. बाहेरचे बायर दहा हजारच धरतात. आमच्याकडे अजून सगळे डेनियरच बोलतात. त्यांना हवा होता आमच्या हिशेबाने एकशे पस्तीसचा धागा. आमचा जाड होता.

प्लांट मॅनेजर देसाईसाहेबांना सांगितलं.

"मॅडम, जवा दो ने, जाऊ द्या. आकडा तर तोच आहे."

"आकडा तोच आहे, माप वेगळं आहे, सर. कापड जड होईल त्यांचं."

"मग प्रॉडक्शनला दीडशे कोणी दिलं?"

"मीच. माझ्या शीटवर नुसतं दीडशे लिहिलंय. युनिट नाही. सही माझी."

त्यांनी शीट बाजूला सारली. मग फोन उचलला. "गाडी खाली करा."

पॅकिंगच्या बायकांनी दोन रविवार येऊन तो माल खोक्यांत भरला होता. त्यांनीच तो उतरवला. त्यांच्यातली किलवणी गावची सुनीताताई रोज माझ्याबरोबर जेवायची. ती एवढंच म्हणाली, "आधी बघायचं होतं ना, मॅडम." दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर मी एकटीच होते.

इथेच आमलीत मी खोली घेऊन राहते. मिस्टर अमळनेरला शिक्षक आहेत. फोनवर त्यांनी विचारलं, "पण तू बरोबर होतीस ना?" हो म्हटलं. कुठे बरोबर आणि कुठे चूक, हे फोनवर सांगायचा कंटाळा आला. दिवसभरात त्याच फोनवर काय ते बोलणं झालं.

जाड माल सुरतेच्या पार्टीने घेतला. एकशे पस्तीसचा लॉट उशिरा गेला आणि पास झाला. बायरने उशिराबद्दल तक्रार केली, युनिटबद्दल अवाक्षर नाही. मला मेमो मिळाला. सुनीताताई आता दुसऱ्या टेबलावर बसते. समोरून आली की हसते.

आमच्याकडे दीडशे म्हणजे डेनियरच. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी कागदावर लिहीत नाही. पोर्तुगालच्या माणसाला ती माहीत नसते, एवढंच.